आधी शाळा, मग खोली

या स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी सूचना आली, तेव्हा शाळेच्या आठवणीच लिहाव्यात असे प्रथम मनात आले. पहाटेची घंटा, वसतिगृहातील ओळीने मांडलेल्या पेट्या, रविवारी नळावर कपडे धुताना रंगणाऱ्या गप्पा यांविषयी या अंकात इतर अनेकजण आमच्यापेक्षा चांगले लिहितील. आम्ही उभयता याच शाळेचे माजी विद्यार्थी. शाळेने आम्हांला जे दिले त्याची परतफेड म्हणून, पुढच्यांच्या उपयोगी पडेल असा आमच्या आयुष्यातील एक अनुभव येथे सविस्तर मांडावा, असे आम्ही ठरविले. तो अनुभव म्हणजे नऊ माणसांचे कुटुंब यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यातून मुंबईस नेण्याचा आणि तेथे पाच मुलांसाठी शाळा शोधण्याचा.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जण दरवर्षी नोकरीनिमित्त मुंबई, पुणे, नाशिक या शहरांकडे निघतात. एकटा माणूस गेला तर त्याला एक खाट आणि एक खानावळ पुरते. कुटुंब गेले की प्रश्नाचे स्वरूप पालटते. त्यातही कुटुंब मोठे असेल, म्हणजे वृद्ध आई-वडील आणि वेगवेगळ्या इयत्तांतील चार-पाच मुले असतील, तर स्थलांतराची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. घरातील कोणीतरी एकजण ती अधिक मोजतो. तो कोण असेल हे आधी ओळखता आले, तर पुढचे पुष्कळसे नुकसान टळते. या लेखाचा सारा हेतू एवढाच आहे.

परळच्या खोलीतील धडा

या विषयाचा एक फार जुना दाखला आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे; मात्र त्याकडे या दृष्टीने आपण क्वचितच पाहतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारा येथील सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीच्या वर्गात भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले. हा दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्यानंतर काही वर्षांनी सुभेदार रामजी सकपाळ यांनी आपले कुटुंब मुंबईस आणले. परळ भागातील डबक चाळीत एका खोलीत हे बिऱ्हाड राहू लागले. स्वयंपाक, झोपणे, सरपण, भांडीकुंडी आणि मुलांचा अभ्यास हे सारे त्या एका खोलीत. रामजी मुलाला लवकर झोपवीत, रात्री दोनच्या सुमारास उठवीत आणि मग त्याच्या रिकाम्या झालेल्या जागेवर स्वतः अंग टाकीत, असे चरित्रकार सांगतात. भीमराव आधी मराठा हायस्कुलात व नंतर एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकले आणि १९०७ मध्ये मॅट्रिक झाले.

ही कथा आपण अभिमानाने सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यात आणखी एक व्यक्ती आहे. दोन मुलांच्या शिक्षणाचा खर्च रामजींच्या निवृत्तिवेतनात भागेना, म्हणून थोरले बंधू आनंदराव यांना शाळा सोडून नोकरी धरावी लागली. खोली एक, पैसा थोडा आणि शिकणारे दोघे, अशी वेळ आली तेव्हा थोरल्याने माघार घेतली. त्या त्यागातून काय घडले हे जगाने पाहिले. पण शहरात आलेल्या प्रत्येक कुटुंबातील थोरल्या मुलाने किंवा मुलीने दप्तर खाली ठेवावे, असा त्या कथेचा अर्थ नाही. बाबासाहेबांनी तरी तो तसा घेतला नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना १९२४ मध्ये झाली आणि लगेच १९२५ मध्ये सभेने सोलापूर येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. घरात जागा नाही, घरी पैसा नाही, एवढ्या कारणासाठी कोणाची शाळा सुटू नये, हा वसतिगृहामागचा विचार होता. आपली निवासी शाळा त्याच विचाराच्या वाटेवर उभी आहे.

आमचे चुकले कोठे

आम्ही निघालो तेव्हा घरात आई-वडील, आम्ही दोघे, आमची चार मुले आणि वडील हयात नसलेला एक पुतण्या अशी नऊ माणसे होती. थोरली मुलगी आठवी उत्तीर्ण होऊन नववीत जाणार होती. पुतण्या आठवीत, दुसरा मुलगा पाचवीत, तिसरी मुलगी तिसरीत आणि धाकटा पहिलीत. नोकरीचा हुकूम एप्रिलमध्ये हाती पडला आणि मे महिन्यात आम्ही सामान हलविले.

आमची पहिली चूक अशी, की आम्ही आधी खोली पाहिली. जेथे भाडे परवडले आणि घरमालकाने माणसांची संख्या ऐकून नकार दिला नाही, तेथे आम्ही अनामत रक्कम भरून मोकळे झालो. नऊ माणसे म्हटल्यावर अनेक दारे आधीच बंद झाली होती. काही ठिकाणी माणसे किती हे विचारण्याआधी आडनाव विचारले गेले आणि ते ऐकल्यावर खोली 'कालच गेली' असे समजले. त्यामुळे जी खोली मिळाली तिचेच उपकार वाटले. त्या खोलीपासून नववीचा वर्ग असलेली शाळा किती अंतरावर आहे, हे विचारण्याचे भान राहिले नाही.

दुसरी चूक अधिक मोठी होती. आम्ही शाळेचा शोध धाकट्यापासून सुरू केला. लहान मुलाचा पहिला प्रवेश म्हणजे घरातील कौतुकाचा विषय. शिवाय आजूबाजूला जो तो पहिलीच्या प्रवेशाविषयीच बोलत होता. धाकट्याला जवळच्या महापालिकेच्या शाळेत प्रवेश मिळाला. तिसरीतील मुलीला त्याच इमारतीत मिळाला. पाचवीच्या मुलालाही थोड्या खटपटीने मिळाला. थोरलीची पाळी आली तेव्हा जून संपत आला होता. ज्या तीन माध्यमिक शाळांत आम्ही गेलो, तेथे नववीच्या तुकड्या त्यांच्याच आठवीतील मुलींनी भरलेल्या होत्या. एका ठिकाणी जागा होती. पण तेथील कार्यालयाने तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील जातीची नोंद आणि वडिलांच्या दाखल्यावरील नोंद यांत फरक दाखवून, आधी दुरुस्ती करून आणा, असे सांगितले. दुरुस्तीसाठी गावी जाणे आले, रजा आली, प्रवासखर्च आला. 'पुढच्या आठवड्यात पाहू' असे म्हणता म्हणता ऑगस्ट उजाडला.

दरम्यान घरात कामाची कमतरता नव्हतीच. आम्ही दोघेही कामावर जात होतो. आजीला शहरातील पाण्याच्या वेळा जमेनात. धाकट्या दोघांना शाळेत सोडणे व आणणे, दुपारचा स्वयंपाक, आजोबांची औषधे, हे सारे थोरलीकडे आपोआप गेले. कोणी तिला शाळा सोड असे म्हटले नाही. तिनेही तक्रार केली नाही. गणेशोत्सवाच्या सुमारास एकदा ती भाजी घेऊन आली. भाजी तिने तिच्या शाळेच्या दप्तरात भरून आणली होती. पिशवी फाटली होती आणि दप्तर रिकामेच होते, एवढेच तिचे स्पष्टीकरण.

त्यानंतर काही दिवसांनी कामानिमित्त आम्ही आपल्या शाळेच्या जुन्या सरांना दूरध्वनी केला. बोलणे संपत आले तेव्हा सरांनी सहज विचारले, "काय रे, थोरली आता कोणत्या शाळेत आहे?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. 'बघतोय सर' एवढेच तोंडून निघाले. सर थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पोरीचं वर्ष गेलं म्हणजे." त्या वाक्यात राग नव्हता. पण जे आम्ही एकमेकांशीही बोलत नव्हतो ते त्यांनी उच्चारले होते.

कायद्याचे छत्र कोठे संपते

जे घडले त्यात आमचा निष्काळजीपणा होताच. परंतु त्यामागे व्यवस्थेची एक रचनाही आहे. ती पालकांनी समजून घेतली पाहिजे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबासाठी त्यात अत्यंत मोलाच्या तरतुदी आहेत. कलम ४ अन्वये मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा त्याला हक्क असतो. कलम ५ अन्वये शासकीय, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत बदलून जाण्याचा हक्क मिळतो. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ द्यावयाचा असतो आणि तो दाखला येण्यास उशीर झाला, या कारणाने नवी शाळा प्रवेश लांबवू किंवा नाकारू शकत नाही. कलम १३ अन्वये प्रवेशासाठी देणगी घेणे आणि मुलाची किंवा पालकांची चाचणी अथवा मुलाखत घेणे यांस मनाई आहे. चाचणी घेतल्यास पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम १४ अन्वये वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम १५ अन्वये मुदत उलटून गेल्यावर आलेल्या मुलालाही प्रवेश नाकारता येत नाही. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत व सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, अशी अपेक्षा आहे.

या साऱ्या तरतुदी वाचताना एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. हा अधिनियम ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी, म्हणजे पहिली ते आठवीसाठी आहे. नववीत पाऊल ठेवणारी मुलगी या छत्राखालून बाहेर पडते. तिला उशिरा आली म्हणून, दाखला नाही म्हणून किंवा जागा नाही म्हणून परत पाठविले, तर या कायद्याचा आधार तिला नसतो. त्यात भर अशी, की महापालिकेच्या बहुसंख्य शाळा प्राथमिक स्तरापर्यंतच आहेत आणि नववी-दहावीसाठी मुख्यतः खासगी संस्थांच्या अनुदानित शाळांकडे जावे लागते. तेथे नववीत बाहेरच्या मुलांसाठी मोजक्याच जागा रिकाम्या असतात.

म्हणजे घरातील सर्वांत लहान मुलाला कायद्याचे सर्वाधिक संरक्षण, आणि ज्या मुलाच्या हातून घरकाम होऊ शकते, जे मूल कमावू शकते, त्याला सर्वांत कमी. मोठे कुटुंब शहरात जाते तेव्हा थोरले मूल का गळते, याचे उत्तर येथे आहे. यावरून एक साधा नियम निघतो. शाळेचा शोध थोरल्या मुलापासून सुरू करावा. नववी-दहावीचा प्रवेश निश्चित झाला की मगच खालच्या इयत्तांकडे वळावे. त्यांच्यासाठी कायदा तुमच्या बाजूने उभा आहे.

निघण्यापूर्वीची कागदपत्रे

गाव सोडल्यावर कागद मिळविणे हे गावात असताना मिळविण्यापेक्षा कितीतरी महाग पडते. म्हणून निघण्यापूर्वीच पुढील गोष्टी हाती असाव्यात.

प्रत्येक मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे ज्याला आपल्याकडे सर्वजण टी.सी. म्हणतात तो, घेताना शाळेच्या कार्यालयातच उभे राहून वाचावा. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, आईचे नाव, जन्मतारीख, धर्म व जात या नोंदी जन्मदाखला आणि आधारपत्राशी ताडून पाहाव्यात. भावंडांचे दाखले एकमेकांशी ताडून पाहावेत. आपल्या समाजात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. एकाच घरातील एका मुलाच्या दाखल्यावर केवळ 'बौद्ध', दुसऱ्याच्या 'नवबौद्ध', तिसऱ्याच्या मूळ जातीसह नोंद, असे प्रकार नेहमी आढळतात. ही तफावत आज किरकोळ वाटते. पुढे जात पडताळणीच्या वेळी ती महिनोन्महिने अडवून धरते. मूल शाळेत शिकत असताना नोंद दुरुस्त करणे तुलनेने सोपे असते. शाळा सोडल्यानंतर तीच गोष्ट किचकट होते.

जातीचा दाखला निघण्यापूर्वीच मूळ तालुक्यातून काढावा. महाराष्ट्र शासनाने १९६० पासून नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या आणि १९९० च्या दुरुस्तीने केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला. या दाखल्यासाठी अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० या दिवसापूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो आणि तो पुरावा मूळ गावीच असतो. आजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, जमिनीचे जुने कागद यांच्या प्रमाणित प्रती काढून ठेवाव्यात. त्या एका मुलासाठी काढल्या की सर्व भावंडांना उपयोगी पडतात. शहरात दहा वर्षे राहिल्यावर, आजोबा हयात नसताना, या नकला मिळविण्यासाठी धावणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत.

आता विद्यार्थ्यांच्या नोंदी संगणकावर असतात. नवी शाळा संगणकीय प्रणालीतून विनंती पाठविते आणि जुन्या शाळेने ती मान्य केली म्हणजे मुलाची नोंद तिकडे वर्ग होते. म्हणून दाखल्याबरोबर मुलाचा विद्यार्थी क्रमांक आणि जुन्या शाळेचा यू-डायस क्रमांक लिहून घ्यावा. जुन्या मुख्याध्यापकांचा दूरध्वनी क्रमांक जवळ असावा. सुट्टीत विनंती पडून राहिली तर एका दूरध्वनीने काम होते. याशिवाय मागील दोन वर्षांची प्रगतिपुस्तके, उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका आणि लसीकरणाचे कार्ड हे सारे एका पिशवीत, प्रत्येक मुलाचे स्वतंत्र पाकीट करून ठेवावे. राज्याबाहेर जाणार असाल तर दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आधीच घ्यावी.

वस्ती निवडताना

घर शोधण्याआधी कुटुंबातील एकाने आठवडाभर शहरात राहून शाळा पाहाव्यात, असे आम्ही आता सर्वांना सांगतो. नातेवाइकांच्या किंवा वर्गमित्राच्या घरी राहावे. ज्या भागात नववी-दहावीपर्यंतची अनुदानित शाळा आणि पालिकेची प्राथमिक शाळा जवळजवळ आहेत, तो भाग निवडावा आणि खोली त्यानंतर पाहावी. भाडे पाचशे रुपयांनी अधिक पडले तरी दोन मुलांचा रिक्षाखर्च वाचला, तर हिशेब बरोबरीत येतो. मोठ्या कुटुंबात मुले शाळेत एकटी चालत जाऊ शकणे हीच खरी बचत असते, कारण त्यांना सोडण्या-आणण्यासाठी घरातील एक माणूस अडकून पडत नाही. आमच्या घरी तो माणूस थोरली होती.

पालिकेच्या शाळांविषयी आपल्या लोकांत उगीच कमीपणाची भावना आहे. मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू व कन्नड अशा आठ माध्यमांतून शिक्षण देते आणि गणवेश, बूट, दप्तर, वह्या असे शालेय साहित्य विनामूल्य पुरविते. आमची तीन मुले त्या शाळांत शिकली. चार-पाच मुलांच्या घरात या साहित्याचे मोल काय असते, हे जून महिन्यातच कळते.

खासगी शाळेतील २५ टक्के राखीव जागांविषयी मात्र गैरसमज नसावा. हा प्रवेश केवळ प्रवेशस्तरावर, म्हणजे पहिलीत किंवा त्याआधीच्या वर्गात मिळतो. चौथी-पाचवीच्या मुलासाठी तो नाही. त्यासाठी अनुसूचित जातीच्या पालकांना उत्पन्नाची मर्यादा नाही. अर्ज ऑनलाइन भरावा लागतो, अंतरानुसार प्राधान्य मिळते आणि भाड्याने राहणाऱ्यांना नोंदणीकृत भाडेकरार जोडावा लागतो. साध्या कागदावरील किंवा नोटरीचा करार चालत नाही. मे महिन्यात शहरात पोहोचणाऱ्या कुटुंबाची त्या वर्षीची सोडत बहुधा हुकलेलीच असते. आमचीही हुकली.

आणखी एक तपशील विदर्भातील पालकांसाठी. आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तर मुंबईत जूनच्या मध्यासच वर्ग भरतात. निकाल मेच्या आरंभी लागतो. 'शाळा सुरू व्हायला वेळ आहे' असे गावाकडच्या दिनदर्शिकेवरून मानून बसलो, तर मुंबईतील पहिले पंधरा दिवस आणि उरलेल्या जागा दोन्ही निघून जातात. दाखले निकालाच्या आठवड्यातच हाती घ्यावेत.

माध्यमाचा प्रश्न

शहरात आल्याबरोबर सर्व मुलांना इंग्रजी माध्यमात घालावे, असा मोह प्रत्येकाला होतो. लहान मुलाच्या बाबतीत तो विचार करण्याजोगा आहे. परंतु मराठी माध्यमात सहा-सात वर्षे शिकलेल्या मुलाचे माध्यम, गाव, मित्र आणि घर हे सारे एकाच जूनमध्ये बदलले, तर त्याच्या पायाखाली काहीच स्थिर राहत नाही. पाचवीच्या पुढील मुलांसाठी सेमी इंग्रजी हा मधला मार्ग आम्हांला योग्य वाटला. त्यात गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि उरलेले विषय मराठीतून असतात. आमच्या दुसऱ्या मुलाला पहिल्या सहामाहीत गणितात नापासाचे गुण मिळाले, कारण त्याला गणित येत होते पण प्रश्न वाचता येत नव्हता. गणितातील शंभरेक इंग्रजी शब्दांची वही त्याने केली आणि वार्षिक परीक्षेपर्यंत तो सावरला. शाळा सुरू होण्याआधीच्या सुट्टीत ही वही करून घेतली असती, तर त्याचे रडणे वाचले असते.

सर्वांनी एकदम जावे काय?

कुटुंब एकत्र राहावे ही आपल्या सर्वांची इच्छा असते. तरीही काही वेळा दोन टप्प्यांत जाणे शहाणपणाचे ठरते. दहावीत गेलेल्या मुलाची शाळा शक्यतो बदलू नये. नववीतच त्याची मंडळाच्या दृष्टीने तयारी सुरू झालेली असते. पुतण्याला आम्ही आपल्या या शाळेत, वसतिगृहात ठेवले. त्याच्या आजीने त्या वर्षी आम्हांला पुष्कळ बोल लावले. 'बापाविना पोर, त्याला मागे ठेवून आलात' हे तिचे वाक्य आजही टोचते. पण आठवीपासून दहावीपर्यंत त्याची शाळा एकही दिवस मोडली नाही. ज्या मुलाला आम्ही मागे ठेवले त्याचे शिक्षण सलग झाले आणि जिला बरोबर नेले तिचे तुटले. निवासी शाळा म्हणजे मुलाला दूर करणे, असे ज्यांना वाटते त्यांनी या गोष्टीचा विचार करावा. घराचे बिऱ्हाड हलत असते तेव्हा मुलाच्या आयुष्यात एक जागा तरी न हलणारी असावी लागते.

दहावीनंतरच्या मुलांसाठी शहरात सामाजिक न्याय विभागाची शासकीय वसतिगृहे आहेत. तेथे प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्या अटींत, ज्या शहरात महाविद्यालय आहे तेथील रहिवासी नसणे ही एक अट असते. त्यामुळे सर्व कुटुंबाचा पत्ता शहरात बदलण्यापूर्वी, महाविद्यालयीन मुलाच्या दृष्टीने त्याचा काय परिणाम होईल, हे पाहून घ्यावे.

गेलेले वर्ष

थोरलीसाठी आम्ही त्या दिवाळीनंतर पुन्हा धडपड केली. कोणी रात्रशाळेचा मार्ग सुचविला. मुंबईत दिवसा काम करणाऱ्यांसाठी रात्रशाळा आहेत आणि जोतीराव व सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग सुरू केले, तेव्हापासूनचा तो आदरणीय वारसा आहे. कोणी दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरा म्हणाले. हे दोन्ही मार्ग खुले आहेत, हे ज्यांची शाळा सुटली आहे त्यांनी लक्षात ठेवावे. परंतु आमची मुलगी चौदा वर्षांची होती आणि तिला दिवसाच्या शाळेत, वर्गात बसायचे होते. दाखल्यावरील नोंद आम्ही गावी जाऊन दुरुस्त करून आणली. चार किलोमीटर अंतरावरील एका अनुदानित शाळेने पुढच्या जूनमध्ये नववीत प्रवेश दिला. मुलींना अनुदानित शाळांत बारावीपर्यंत शिक्षण शुल्क नाही, त्यामुळे तो भार पडला नाही.

मात्र ती शाळेत जाऊ लागली तेव्हा घरची कामे कोण करणार, हा प्रश्न समोर आला आणि खरे उत्तर तेथेच द्यावे लागले. आम्ही कामाच्या वेळा बदलून घेतल्या. धाकट्यांना आणण्याचे काम आजोबांनी घेतले आणि त्या निमित्ताने त्यांचा शहरातील एकाकीपणाही कमी झाला. पाणी भरणे दुसऱ्या मुलाकडे आले. संध्याकाळी सात ते नऊ या वेळात वस्तीतील विहाराच्या अभ्यासिकेत थोरलीने बसायचे आणि त्या वेळात तिला कोणीही हाक मारायची नाही, असा घरात नियम केला. खोली एकच होती. पण तिची दोन तासांची जागा आम्ही खोलीबाहेर शोधली. हे सारे पहिल्या जूनमध्येही करता आले असते. कामे तेवढीच होती, माणसेही तेवढीच होती.

ती दहावी उत्तीर्ण झाली. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचा अर्ज तिने स्वतः भरला आणि शेजारच्या दोन मुलींचाही भरून दिला. तिच्यापेक्षा एका वर्षाने लहान मुलींच्या वर्गात ती दोन वर्षे बसली, त्याविषयी ती कधी बोलत नाही. आम्हीही बोललो नव्हतो. या लेखाच्या निमित्ताने तिची अनुमती घेऊन प्रथमच लिहीत आहोत. कच्चा मजकूर तिला वाचून दाखविला तेव्हा दप्तरात भाजी आणल्याची गोष्ट तेवढी गाळावी काय, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "राहू द्या. त्यानेच कळेल."

एक विनंती

शेवटी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्यापैकी अनेकजण शहरांच्या निरनिराळ्या उपनगरांत स्थिरावले आहेत. आपल्या वस्तीतील कोणत्या शाळेत नववीत बाहेरच्या मुलांना जागा असतात, कोणती अभ्यासिका रात्री उघडी असते, आडनाव न विचारता कोण खोली देतो, ही माहिती आपणाजवळ आहे. गावाहून येणाऱ्या कुटुंबाला तीच माहिती नसते आणि तिच्याअभावी एखाद्या मुलाचे वर्ष जाते. प्रत्येकाने आपल्या भागापुरती ही माहिती एका पानावर लिहून शाळेच्या कार्यालयाकडे पाठविली आणि दरवर्षी मार्चमध्ये ती ताजी केली, तर दाखला घ्यायला येणाऱ्या पालकाच्या हाती शाळा ते पान देऊ शकेल. आमच्या भागाचे पान आम्ही या लेखासोबत पाठविले आहे.

आणि ज्या पालकांचे सामान या मे महिन्यात निघणार आहे त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की गाडीत बसण्यापूर्वी घरातील सर्वांत मोठ्या मुलाला जवळ बसवा आणि तू जूनमध्ये कोणत्या शाळेत जाणार आहेस, हे त्याला सांगा. ते सांगता येत नसेल, तर खोलीची अनामत रक्कम अजून भरू नका.